भोपळा मिळाला? अभिनंदन!

शाळेत मिळाला तर घरी बोलणी. बॅटिंगला जाऊन मिळाला तर मान खाली घालून परत. पण जगात अशीही मंडळी आहेत, जी पाच-पाच महिने राबून भोपळाच मिळवतात आणि वर तो ट्रकमध्ये घालून मिरवायला नेतात! राक्षसी भोपळ्यांच्या या हटके छंदात नव्या भिडूने टार्गेट किती ठेवायचं आणि मजा नेमकी कुठे शोधायची?

आधी एक आकडा. १,२७८.८ किलो. हे एका भोपळ्याचं वजन आहे. हो, एकाच! इंग्लंडमधल्या इयन आणि स्टुअर्ट पॅटन या जुळ्या भावांनी ऑक्टोबर २०२५मध्ये बर्कशायरमधल्या वॉरग्रेव्हला तो काट्यावर चढवला आणि जागतिक विक्रम खिशात टाकला. मारुती ८०० आठवतेय ना? तिचं वजन साधारण साडेसहाशे किलो. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात दोन मारुती ८०० ठेवल्या, तर दुसऱ्या पारड्यात हा एक भोपळा जवळजवळ पुरेल.

असा फोटो बघून दोन प्रकारची माणसं दोन गोष्टी म्हणतात. पहिली म्हणतात, 'फोटोशॉप असणार.' दुसरी म्हणतात, 'आपणही लावून बघू या का?' हा लेख दुसऱ्या जातीच्या लोकांसाठी आहे, कारण मी त्यातलीच. ऑनसाइट म्हणून कॅलिफोर्नियात सॅन होजेला आले, भाड्याच्या घरामागे पंधरा बाय पंधरा फुटांचा ओसाड तुकडा मिळाला आणि २०२१ ते २०२३ असे तीन सीझन त्यात मी भोपळे लावले. जागतिक विक्रम सोडाच, त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंतही पोचले नाही. तरी सांगते बॉस, वीकएंडचा इतका वसूल उद्योग दुसरा सापडलेला नाही. अट एकच, टार्गेट आपल्या मापाचं हवं.

आपल्या भोपळ्याचा पैलवान भाऊबंद

मंडईतून आपण ज्याची फोड आणतो, तो लाल भोपळा आणि हा महाशय एकाच मोठ्या घराण्यातले. फरक इतकाच की हा तालमीत गेलेला. शास्त्रीय नाव कुकुर्बिटा मॅक्झिमा, मूळ गाव दक्षिण अमेरिका. स्पर्धेत उतरणारा वाण म्हणजे 'अटलांटिक जायंट'. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर नावाच्या गावी हॉवर्ड डिल हा शेतकरी होता. दरवर्षी सगळ्यात मोठ्या फळाचं बी राखायचं, पुढच्या वर्षी तेच लावायचं, असं करत करत त्याने हा वाण घडवला. १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं तो जगज्जेता होता. डिल २००८मध्ये गेला, पण आज काट्यावर येणाऱ्या जवळपास प्रत्येक राक्षसी भोपळ्याची वंशावळ त्याच्या शेतात जाऊन पोचते.

आता थोडा इतिहास. कंटाळू नका, टार्गेटचं गणित यातच लपलंय. कॅनडाच्याच विल्यम वॉर्नॉकने १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ४०० पौंडांचा भोपळा नेला. १९०४मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या प्रदर्शनात त्याने ४०३ पौंड, म्हणजे १८३ किलोंचा नेला. हा विक्रम किती टिकला असेल? तब्बल ७२ वर्षं! १९७६ साली तो मोडला. मग डिलच्या बिया पसरल्या आणि गाडी सुसाट सुटली. १९९६मध्ये हजार पौंडांची भिंत पडली. २०१२मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेसने २,००९ पौंड तोलून दाखवले. २०२३मध्ये मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगरने २,७४९ पौंड गाठले आणि आता पॅटन बंधू २,८१९वर आहेत.

या भोपळ्यात असं वेगळं काय असतं? २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याचा शोध घेतला होता. पानांत तयार झालेली साखर फळापर्यंत वाहून नेणाऱ्या नळ्यांचं जाळं राक्षसी वाणात जास्त असतं, असं त्यात दिसलं. आपल्या भाषेत सांगायचं तर बँडविड्थ जास्त! पानं कारखाना, वेल पाइपलाइन आणि फळ गोदाम. बाकीचा सगळा खेळ हा कारखाना उन्हाळाभर बंद पडू नये, यासाठी.

टार्गेट किती ठेवायचं?

ऑफिसमध्ये आपल्याला सवय काय? वरच्याने आकडा द्यायचा, आपण मान डोलवायची आणि मार्चमध्ये तोंड लपवायचं. इथेही नवी मंडळी नेमकं हेच करतात. पहिल्याच वर्षी 'हजार पौंड तरी काढायचाच' म्हणून सुरुवात करतात आणि ऑगस्टमध्ये नाराज होऊन वेलाकडे बघणंही सोडून देतात.

जरा समोरच्या टीमकडे बघा. पॅटन बंधू पन्नासहून जास्त वर्षं भोपळे वाढवताहेत, तेही मोठ्या काचघरात. गिंगर बागकाम शिकवणारा शिक्षक आहे आणि हा नाद त्याला शाळकरी वयापासून लागलाय. या लोकांचा एकेक वेल हजार चौरस फुटांच्या आसपास जागा व्यापतो. मुंबईतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटपेक्षा मोठी जागा, एका वेलाला! मातीची तपासणी आदल्या हिवाळ्यात, खताचे ट्रक, ऐन भरात दिवसाला चारेकशे लीटर पाणी. आपल्याकडे काय असतं? मागचं अंगण, ऑफिस सुटल्यावरचा दीड तास आणि शनिवार-रविवार.

अशा परिस्थितीत दोनशे ते चारशे चौरस फूट जागा, चांगलं कुजलेलं खत आणि अस्सल अटलांटिक जायंटचं बी असेल, तर पहिल्या वर्षी १०० ते ३०० पौंड हा प्रामाणिक पल्ला आहे. म्हणजे ४५ ते १३५ किलो. 'एवढाच?' असं वाटलं ना? आता वॉर्नॉक आठवा. जो आकडा जगात ७२ वर्षं कुणाला ओलांडता आला नाही, त्याच्या निम्म्याच्या पुढे तुम्ही पहिल्याच फटक्यात, घरामागच्या तुकड्यात पोचू शकता. पेपरातल्या फोटोशी तुलना केली तर २५० पौंड म्हणजे किरकोळ. वॉर्नॉकशी केली तर कॉलर ताठ!

मी स्वतःपुरत्या चार पायऱ्या केल्या. पहिली : फळ धरलं पाहिजे. दुसरी : ते ऑक्टोबरपर्यंत अख्खं राहिलं पाहिजे. तिसरी : ते माझ्यापेक्षा जड भरलं पाहिजे. (ही सगळ्यात धमाल पायरी. डाएटवर असणाऱ्यांना तर सोपीच!) आणि चौथी : मागच्या वर्षीचा आपलाच आकडा मोडला पाहिजे. या छंदातले लोक 'पर्सनल बेस्ट' हा शब्द येता-जाता वापरतात. नवा माणूस भेटला की तुमचा पर्सनल बेस्ट किती, हा पहिला प्रश्न. कुणी ८० पौंड म्हणालं तरी समोरचा दोन हजारवाला मनापासून हात मिळवतो.

२०२१मध्ये माझा भोपळा भरला ९४ पौंड. म्हणजे ४३ किलोंच्या आत-बाहेर. पहिल्या दोन पायऱ्या पार, तिसरीवर मी अकरा किलोंनी जिंकले, भोपळा हरला.

पाच महिन्यांचं प्रोजेक्ट

सीझन सुरू होतो एप्रिलच्या शेवटी. बी चांगलं अंगठ्याएवढं असतं आणि टरफल जाड. त्यामुळे नखं घासायच्या फाइलने त्याच्या कडा हलक्या घासून घेतात. कुंडीतल्या मातीला २९-३० अंशांची ऊब मिळाली की चार-पाच दिवसांत कोंब वर येतो. मे महिन्यात रोप जमिनीत जातं. रात्री गारठा असेल तर त्यावर प्लॅस्टिकचं छोटं तंबूवजा घर.

जूनमध्ये खरी धावपळ. मुख्य वेल सरळ पुढे न्यायचा, दोन्ही बाजूंच्या फांद्या माशाच्या काट्यासारख्या आडव्या पसरायच्या आणि त्या फांद्यांना फुटलेल्या पोटफांद्या खुडून टाकायच्या. वेलाच्या पेरांवर माती ओढली की तिथे नवी मुळं फुटतात. जितकी मुळं तितकी पाण्याची सोय. हे काम रोज थोडं थोडं, अर्धा तास. लॅपटॉपवर आठ तास वाकून बसल्यावर मातीत उकिडवं बसणं हा कसला भारी उतारा आहे, ते करून बघा म्हणजे कळेल.

जूनच्या अखेरीला किंवा जुलैच्या सुरुवातीला लग्नसराई! मादी फुलाच्या बुडाशी गोटीएवढा भोपळा आधीच बसलेला असतो. ते फूल दुसऱ्या दिवशी उमलणार असं दिसलं की संध्याकाळीच त्याच्यावर जाळीची पिशवी बांधायची, म्हणजे मधमाशा आगाऊपणा करणार नाहीत. सकाळी उजाडताच नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाच्या आत परागकण फिरवायचे. पाच मिनिटांचं काम, पण ते भल्या सकाळीच. कॉलवर सकाळी सहाला उठताना जिवावर येतं, त्या दिवशी साडेपाचला आपोआप जाग येते.

शक्यतो मुळापासून दहा ते पंधरा फुटांवरचं, मुख्य वेलावरचं फळ निवडायचं. तोपर्यंत वेलाने पुरेशी पानं कमावलेली असतात. खर्चाचं म्हणाल तर बी बऱ्याचदा फुकट मिळतं. जुनी मंडळी आपल्या बिया नव्यांना वाटतात. आपला पत्ता आणि तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं, त्यात बिया घालून ते परत येतं. प्रत्येक बीला नाव असतं : आधी ज्या फळातून आलं त्याचं वजन, मग पिकवणाऱ्याचं आडनाव, मग साल. म्हणजे '२००९ वॉलेस' म्हटलं की जाणकारांना अख्खी जन्मपत्रिका कळते.

दोन गेले, एक राहिला

आता सगळ्यात जड भाग. वजनाने नव्हे, मनाने. एका वेलावर दोन-तीन फळं धरू द्यायची, दोन-अडीच आठवडे बघायचं आणि मग एक ठेवून बाकीची कापायची. चांगली धडधाकट, चकचकीत, कलिंगडाएवढी झालेली! कारण कारखाना एक आहे. तीन गोदामांत माल वाटला तर तिन्ही मध्यम राहतील.

निवडायचं कसं? जो वेगाने वाढतोय, ज्याचा आकार गोल-उंच आहे आणि ज्याच्या देठाला वेलापासून हलायला जागा आहे, तो ठेवायचा. पहिल्या वर्षी माझे हात थरथरत होते. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, कापलेला टाकू नकोस हं, मेथीदाण्याची फोडणी देऊन भाजी कर." केली. कोवळा होता, मस्त झाली.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आपण सर्टिफिकेशन, जिम, फ्रेंच क्लास, शेअर मार्केट आणि गिटार असं सगळं एकाच वेलावर धरून बसतो ना? त्यांना ही जुलैतली एक संध्याकाळ जरूर अनुभवायला द्यावी. जास्त बोलत नाही.

टेप घेऊन संध्याकाळी

एकदा फळ ठरलं की सुरू होते खरी नशा. परागीभवनानंतरचे पहिले दहा दिवस वाढ अगदी हळू. मग पंधराव्या दिवसापासून चाळिसाव्यापर्यंत भोपळा अक्षरशः सुटतो. विक्रमवीरांचा भोपळा या काळात दिवसाला वीस किलोंच्या आसपास वाढतो. माझा ऐन भरात रोज अडीच-तीन किलो वाढायचा. तीन किलो म्हणजे किती? चांगलं धष्टपुष्ट नवजात बाळ. रोज एक!

वजन करायचं कसं, जागेवरून हलवता तर येत नाही? त्यासाठी मस्त युक्ती आहे. टेपने तीन मापं घ्यायची : फळाभोवतीचा घेर, एका बाजूच्या जमिनीपासून वरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत आणि तसंच देठाच्या टोकाकडून फुलाच्या टोकापर्यंत. तिन्हींची बेरीज तयार तक्त्यात बघितली की अंदाजे वजन मिळतं. प्रत्यक्ष काट्यावर त्यापेक्षा जास्त भरला तर भोपळा 'हेवी' गेला, कमी भरला तर 'लाइट'. आत किती जाडीचा गर आहे हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे शेवटपर्यंत सस्पेन्स.

मी रोज संध्याकाळी सात वाजता मापं घ्यायचे आणि एक्सेलमध्ये भरायचे. (इंजिनीअर आहे, ग्राफ काढल्याशिवाय चैन पडत नाही.) २०२३च्या उन्हाळ्यात आमच्या आयटीत दर आठवड्याला कुठून तरी माणसं कमी केल्याची बातमी यायची. ओळखीचे लोक खोके उचलून घरी जात होते. व्हिसावर असणाऱ्यांना तर नोकरीसोबत देशही सुटायची भीती. त्या दिवसांत संध्याकाळी सातचा आकडा हा दिवसभरातला एकमेव आकडा होता, जो नक्की वाढलेला असायचा. नुसता एवढ्याचसाठी भोपळा लावला असता, तरी पैसे वसूल होते.

आणि फुटला तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. भोपळा फुटतो. नव्यांचा फुटतो, जगज्जेत्यांचाही फुटतो. फळ इतक्या वेगाने फुगतं की साल ताणाला पुरी पडत नाही. कधी देठापाशी चीर जाते, कारण फळ उंच होताना वेलाला वर खेचतं. कधी उन्हाने साल कडक होते आणि तडकते. म्हणून फळाखाली वाळू पसरतात, म्हणजे वाढताना ते सरकू शकतं. देठाजवळची वेलाची मुळं कापून वेल सैल ठेवतात आणि फळावर पांढऱ्या चादरीची सावली करतात. शिवाय पानांवर भुरी, वेलात किडे आणि आमच्या भागात जमिनीखालून येऊन मुळं खाणारे गोफर नावाचे उंदराचे भाऊबंद. सगळं सांभाळलं तरी शेवटचा शब्द हवामानाचा.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात उष्णतेची भयंकर लाट आली. ६ सप्टेंबरला सॅन होजेत पारा ४२ अंशांच्या वर गेला. माझा भोपळा तेव्हा बासष्ट दिवसांचा होता आणि तक्त्यानुसार २६० पौंडांवर. सावली होती, पाणी होतं. दुपारी घरातूनच मीटिंग चालू होती. संपल्यावर मागे गेले, तर देठापासून खाली हातभर चीर, आतपर्यंत गेलेली. बोट घातलं तर पोकळीतली ऊब लागली.

स्पर्धेच्या नियमात आतल्या पोकळीपर्यंत पोचलेली चीर किंवा भोक असेल, तर फळ बाद. म्हणजे कागदावर त्या वर्षीचा माझा स्कोअर? भोपळा. आपल्या मराठी अर्थाने!

अशा वेळी आकडा हे एकच टार्गेट ठेवलेलं असेल, तर माणूस पुढच्या वर्षी फावडं उचलत नाही. मी त्या रात्री पायऱ्यांची यादी पुन्हा बघितली. फळ धरलं होतं. जमीन आदल्या वर्षीपेक्षा सुधारली होती. वेल कसा पसरवायचा ते हाताला कळलं होतं. आणि बासष्ट दिवसांच्या फळातल्या बिया भरलेल्या होत्या. त्या काढल्या, धुतल्या, वाळवल्या आणि पाकिटावर रिवाजाप्रमाणे लिहिलं : २६०, अंदाजे, माझं आडनाव, २०२२. जगातल्या कुठल्याही यादीत नसलेलं नाव. पण लिहिताना जाम भारी वाटलं.

२०२३मध्ये तेच बी लावलं.

काट्याचा दिवस

ऑक्टोबर म्हणजे स्पर्धांचा महिना. इथे त्याला 'वे-ऑफ' म्हणतात. आमच्या भागातला सगळ्यात गाजलेला वे-ऑफ समुद्रकाठच्या हाफ मून बे गावात होतो, १९७४पासून. मी २०२३ला तिथे प्रेक्षक म्हणून गेले होते. सोमवार, ९ ऑक्टोबर. फोर्कलिफ्टने एकेक धूड उचलून काट्यावर ठेवतात, पाटीवर आकडे फिरतात आणि सगळे श्वास रोखून बघतात. त्या दिवशी गिंगरचा २,७४९वाला चढला. मिनेसोटापासून सुमारे पस्तीस तास गाडी हाकत त्याने तो आणला होता. विक्रमाबद्दल त्याला ३० हजार डॉलर मिळाले.

मला त्याहून आवडलेली गोष्ट पुढच्या दोन वर्षांतली. २०२४मध्ये तिथे ब्रँडन डॉसन दुसरा आला. कॅलिफोर्नियातल्याच सँटा रोझाचा, पेशाने इंजिनीअर. हरला किती पौंडांनी? फक्त सहा! अडीच हजार पौंडांच्या आसपासच्या लढतीत सहा पौंड म्हणजे अडीच-तीन किलो. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. डॉसनने पुन्हा बी लावलं आणि २०२५मध्ये २,३४६ पौंडांनी पहिला आला. हे वजन त्याच्या २०२४च्या भोपळ्यापेक्षा कमीच होतं, बरं का!

नव्या माणसासाठी मात्र छोट्या गावांतले वे-ऑफ जास्त धमाल. मी माझा भोपळा अशाच एका ठिकाणी नेला. ऑफिसातले चार मित्र, एक ताडपत्री आणि मागितलेला पिकअप ट्रक. चौघांनी ताडपत्रीच्या कडा धरल्या आणि 'गणपती बाप्पा मोरया' म्हणत उचलला. काट्यावर भरला २३१ पौंड, १०५ किलो. रांगेत शेवटून तिसरा. तिसरी पायरी एकदम डबल पार, चौथीही पार. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी खिशातून बियांची पुडी काढून हातात ठेवली आणि पुढच्या वर्षी याच ठिकाणी भेटू, असं बजावलं. त्यांचा स्वतःचा भोपळा माझ्या पाचपट होता.

मग त्याचं करायचं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. खाता येतो, पण चव यथातथाच. पाणचट, धागेदार. मी घारगे करून बघितले, गूळ दुप्पट लागला. बऱ्याच जणांचा भोपळा हॅलोविनला कोरला जातो. नोव्हा स्कोशियातल्या विंडसरमध्ये, म्हणजे डिलच्या गावात, १९९९पासून पोखरलेल्या भोपळ्यात बसून तलावात वल्हवायची शर्यत सुरू झाली. आपल्या गोष्टीतल्या म्हातारीला हे कळलं तर ती जंगलाऐवजी तलावातून लेकीकडे जाईल! ओरेगन राज्यात पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींना मोठमोठे भोपळे पायाखाली फोडायला आणि खायला देतात. ती प्रथाही १९९९पासूनचीच. हत्ती आशियाई, म्हणजे आपलेच गाववाले.

आणि पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांचं काय? खरं सांगायचं तर बाल्कनीत अटलांटिक जायंट जमणार नाही. त्याला भरपूर जमीन, वीस ते तीस अंशांचे दिवस, थंड रात्री आणि उत्तरेकडच्या उन्हाळ्यातला चौदा-पंधरा तासांचा उजेड लागतो. पण गावाकडे तुकडा असेल किंवा सोसायटीच्या मागे चार वाफे मोकळे असतील, तर आपला लाल भोपळा लावा. हाताने परागीभवन करा, वेलावर एकच फळ ठेवा, रोज संध्याकाळी टेप लावा. वीस किलो भरला तरी तो तुमचा पर्सनल बेस्ट. शिवाय त्याचे घारगे माझ्यापेक्षा शंभर टक्के चांगले होतील!

पहिल्या सीझनचं टार्गेट कार्ड

• जागा : एका वेलाला किमान २०० चौरस फूट. दोन वेल कोंबण्यापेक्षा एकच नीट वाढवा.

• वेळ : रोज अर्धा तास आणि शनिवारी सकाळ. यापेक्षा जास्त लागत असेल तर वेल नव्हे, तुम्ही लांबवताय.

• मे : रोप जगलं. पार्टी नको, पण चहा चालेल.

• जुलै : फळ धरलं. दोन-तीनमधून एक निवडलं. बाकीच्यांची भाजी.

• ऑगस्ट : रोज टेप, रोज नोंद. फोटो एकाच जागेवरून काढा, शेजारी तीच खुर्ची ठेवून. शेवटी ती खुर्ची बिचारी लहान दिसायला लागते.

• सप्टेंबर : सावली, पाणी, संयम. फुटला तर बिया काढा आणि पाकिटावर नाव टाका.

• ऑक्टोबर : अख्खा राहिला तर काट्यावर न्या. आकडा काहीही येवो, नेऊनच सोडा.

• बक्षीस : पुढच्या वर्षी कुणी 'पर्सनल बेस्ट किती?' विचारलं की सांगायला स्वतःचा एक आकडा. शून्याच्या पुढचा कुठलाही चालतो.